वडिलांना रोज मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी चरित्रे, आत्मचरित्रे आणि इतिहासाची पुस्तके सुचवावीत

दिवेलागण (राजारामपुरी, कोल्हापूर)

सर्व वाचकांना नमस्कार. माझे वडील कागल तालुक्यात छत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते. घरात आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आज त्यांचे वय एक्याऐंशी आहे आणि काचबिंदूमुळे गेल्या दोन वर्षांत त्यांना छापील अक्षर दिसेनासे झाले आहे. उशाशी पुस्तक ठेवल्याशिवाय ज्यांना कधी झोप आली नाही, त्यांना नुसते बसून राहिलेले मला पाहवेना, म्हणून रोज दिवेलागणीनंतर तासभर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. आतापर्यंत आमची 'स्वामी', 'मृत्युंजय', 'छावा' आणि 'श्रीमान योगी' ही पुस्तके पूर्ण झाली. दोन लेखकांपैकी एक कोवाडचे आणि दुसरे आजऱ्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, याचा आण्णांना फार अभिमान आहे.

'श्रीमान योगी' वाचत असताना एका संध्याकाळी त्यांनी हाताने मला थांबवले आणि विचारले, "हे लेखकानं रचलंय, का कुठं लिहून ठेवलेलं आहे?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर हा प्रश्न ते जवळजवळ रोज विचारतात, आणि आता त्यांची इच्छा अशी आहे की जे खरोखर घडले, ज्यांच्या आयुष्यात घडले, शक्यतो त्यांच्याच शब्दांत ते ऐकावे.

माझी अडचण अशी आहे की वाचायला उत्तम असलेले पुस्तक ऐकायलाही उत्तम असतेच असे नाही. एक इतिहासाचा ग्रंथ मी मोठ्या उमेदीने आणला, पण दर पानावर तळटीपा, सनावळ्या आणि कंसातील संदर्भ असल्यामुळे तो मोठ्याने वाचताना माझीच दमछाक झाली आणि आण्णांना सूत्र सापडेना. दुसरे एक जुने आत्मचरित्र अर्धे वाचून झाल्यावर लक्षात आले की आमच्या हाती संक्षिप्त आवृत्ती होती, आणि तसे मुखपृष्ठावर कोठेही छापलेले नव्हते. आण्णांना त्याचे फार वाईट वाटले. म्हणून विनंती अशी, की पुस्तक सुचवताना ते ऐकायला कसे आहे आणि कोणती आवृत्ती घ्यावी हेही सांगावे. कोल्हापूर आणि आसपासच्या भागाशी संबंध असेल तर आण्णा अधिक रमतील.

जुना ग्रंथपाल

ताई, आपल्या वडिलांनी विचारलेला प्रश्न इतिहासाचे विद्यार्थी अनेक वर्षे शिकूनही विचारायला विसरतात. माझी नोकरी पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात 'आज्ञापत्रा'पासून करावी असे मी आग्रहाने सुचवेन. हे पुस्तक लहान आहे, महिनाभरात सहज पूर्ण होईल, आणि ते आपल्याच मातीतले आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनी शिवछत्रपतींचा काळ पाहिला होता. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा महाराष्ट्राचा कारभार 'हुकूमतपनाह' या किताबाने त्यांच्याकडे सोपवला गेला, आणि पुढे उतारवयात, १७१५ च्या सुमारास, करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध झाला. गगनबावड्याची जहागीर याच घराण्याची. किल्ला कसा राखावा, सावकाराला राज्यात मान का द्यावा, टोपीकरांना म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर पक्की जागा का देऊ नये, हे सगळे त्यात अनुभवाच्या भाषेत आले आहे.

त्यातील आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयीचा एक भाग आहे, तो आण्णांना दोनदा वाचून दाखवावा. जहाजांसाठी लाकूड लागते, पण म्हणून रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच ते तोडावे, असा त्याचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याच्या मनात परड्यातले फणसाचे झाड होते, ही गोष्ट मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त हलवून जाते. भाषा जुनी आहे आणि वाक्ये लांब आहेत, तरी त्या वाक्यांना बोलण्याची लय आहे. एक संध्याकाळ आपण एकट्याने वाचून अडलेल्या शब्दांचे अर्थ पेन्सिलने समासात लिहावेत आणि दुसऱ्या संध्याकाळी आण्णांना वाचून दाखवावे.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ऐकण्याच्या दृष्टीने मराठीत याहून सोयीचे आत्मचरित्र मला ठाऊक नाही. बाई शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांच्या लिहिण्यावर पुस्तकी मराठीचा संस्कार नव्हता, आणि म्हणून त्यांचे वाक्य ओट्याजवळ बसून बोलल्यासारखे येते. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर वडिलांनी घेतलेला सोवळ्याचा ध्यास, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टाहास आणि त्यात होरपळणारे घर हे सगळे सुरुवातीलाच येते. पुढे १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. तो घाव सोसून, स्वतःशी झगडत त्यांनी १९०० मध्ये तोच मार्ग स्वीकारला, आणि एवढ्या दुःखाच्या हकिकतीतही त्या वाचकाला मोकळेपणाने हसवतात. हे लेखन १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. याचीही संक्षिप्त आवृत्ती बाजारात असते, म्हणून घेताना पूर्ण चारही भाग आहेत ना, हे अनुक्रमणिका उघडून पाहावे. संक्षेपाविषयी आपण लिहिलेला अनुभव वाचून मला खरोखर वाईट वाटले. ज्येष्ठ माणसाला अर्धे पुस्तक पूर्ण म्हणून वाचायला देणे योग्य नाही.

'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे रमाबाई रानडे यांचे १९१० चे पुस्तकही याच रांगेतले आहे, पण त्याची चाल संथ आहे. ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे.

फळा-खडू

मी शाळेत इतिहास शिकवत होतो, म्हणून आण्णा माझे ज्येष्ठ सहकारीच ठरतात. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

कागलच्या परिसरात आयुष्य गेलेल्या माणसाने राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र ऐकलेच पाहिजे, कारण दत्तक जाण्यापूर्वीचे यशवंतराव घाटगे कागलचेच. धनंजय कीर यांचे शाहूचरित्र कथनाच्या अंगाने जाते आणि मोठ्याने वाचता येते. डॉ. जयसिंगराव पवार यांचे लेखन कागदपत्रांवर अधिक भर देणारे आहे. त्यांनी संपादित केलेला 'राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ' फार जाडजूड आहे, तो सलग न वाचता एकेक लेख निवडून वाचावा. अण्णासाहेब लठ्ठे यांचे इंग्रजी चरित्र महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये आले. महाराजांना जवळून पाहिलेल्या माणसाने ते लिहिले आहे, म्हणून त्याचे मोल वेगळे आहे.

चरित्र वाचताना मूळ आदेशाच्या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश २६ जुलै १९०२ चा आहे, आणि तो निघाला तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश १९१७ चा आहे, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. आण्णांनी हजेरीपटावर गैरहजर मुलांच्या नावापुढे किती वेळा खूण केली असेल! हा दंडाचा तपशील ऐकून त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ निघेल, तेव्हा त्या दिवशी वाचन थोडे झाले तरी चालेल. आणखी एक सूचना. जुन्या पुस्तकांत महाराजांची जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी आढळेल, आणि आज आपण जयंती २६ जूनला साजरी करतो. असा फरक दिसला की पुस्तक खोटे ठरवण्याची घाई करू नये. त्या लेखकाजवळ तेव्हा कोणते कागद होते, हे पाहावे.

दुसरे चरित्र महाराणी ताराबाईंचे, तेही डॉ. पवार यांचेच. शिवराज्याभिषेकानंतरच्या वर्षी, १६७५ मध्ये जन्मलेल्या ताराबाई पंचविसाव्या वर्षी विधवा झाल्या, सात वर्षे औरंगजेबाशी लढल्या, पन्हाळ्यावर त्यांनी वेगळी गादी उभी केली, १७१४ मध्ये त्याच पन्हाळ्यावर सत्ता गमावून कैदेत पडल्या, आणि पानिपताच्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये त्यांचे निधन झाले. एका आयुष्यात मराठ्यांचा जवळजवळ पूर्ण उदय आणि पहिला मोठा आघात मावतो. पन्हाळा ज्यांनी पायी पाहिला आहे, त्यांना हे पुस्तक ऐकताना वेगळे चित्र काढावे लागत नाही.

पानिपतावर त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा 'पानिपत १७६१' हा ग्रंथ मराठीत १९६१ मध्ये आला. तो तोलामोलाचा आहे, पण आपण वर्णन केलेली तळटीपांची अडचण तेथे येणारच. निवडक प्रकरणेच वाचावीत.

कागलच्या वाटेवर

'झोंबी' कोणी कसे सुचवले नाही? आनंद यादव कागलचे. शिकू न देणारा, मुलाला मळ्यातल्या कामाला जुंपणारा बाप आणि कोणत्याही परिस्थितीत शिकायचेच म्हणून धडपडणारा मुलगा यांची ही आत्मकथा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संवाद आपल्याकडच्या बोलीत आहेत. ते वाचताना आवाज पुस्तकी ठेवू नये; घरात आण्णांशी जसे बोलता, त्याच हेलात वाचावेत. पुढे 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' हे भाग आहेत, म्हणजे आवडल्यास वर्षभराची सोय होईल.

पन्हाळवाट

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. ऐतिहासिक कादंबरीला खोट्याच्या रांगेत बसवले जाऊ नये, आणि आण्णांनाही आपण चार पुस्तके वाया घालवली असे वाटू नये. आपल्याकडे 'श्रीमान योगी' आहेच, तर त्याच्या आरंभी असलेली नरहर कुरुंदकर यांची प्रस्तावना वाचली का? बहुतेक घरांत ती पाने ओलांडून कथा सुरू केली जाते. शिवाजी महाराजांकडे पाहताना इतिहास काय सांगू शकतो आणि कादंबरीकाराला काय भरून काढावे लागते, याची इतकी प्रामाणिक चर्चा मराठीत फार थोड्या ठिकाणी आहे, आणि आण्णांच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पुस्तकात मिळण्याची शक्यता आहे.

'छावा'च्या बाबतीतही हेच सांगता येईल. संभाजी महाराजांची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीवरून ठरत आली, आणि ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली होती. वा. सी. बेंद्रे यांनी मूळ साधने धुंडाळून १९६० मध्ये चरित्र लिहिले, १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले, आणि त्यानंतर १९७९ मध्ये 'छावा' आली. संशोधकांनी आधी जमीन नांगरली, मग कादंबरीचे पीक उभे राहिले.

फळा-खडू

पन्हाळवाट यांचे कुरुंदकरांच्या प्रस्तावनेविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि मी ती सुचवायला हवी होती. मात्र कादंबरीतील संवाद मुलांच्या निबंधांत 'महाराज म्हणाले' म्हणून उतरलेले मी वर्षानुवर्षे तपासले आहेत, आणि ते पुसताना मला त्रास झालेला आहे. कादंबरी जरूर ऐकावी. फक्त आण्णा विचारतात तसे प्रत्येक वेळी विचारावे.

भाऊसिंगजी रोड

एक वेगळे पुस्तक सुचवतो. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, रोजनिशी लिहीत राहिले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तेथे त्यांचे स्मारक आजही आहे. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. नोंदी छोट्या आहेत. रोज चार-पाच नोंदी मराठीत सांगत गेल्या तर आण्णांना शेवटापर्यंत सोबत राहील. शेवट ठाऊक असल्यामुळे साध्या नोंदीही मनाला लागतात.

जुनी पुस्तके बाजारात मिळाली नाहीत तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी. १८५० पासूनची संस्था आहे.

शाहूपुरीची सून

मी माझ्या सासूबाईंना चार वर्षे वाचून दाखवले, म्हणून थोडे अनुभवाचे सांगते. प्रकरणाच्या शेवटी थांबू नये. मध्येच, पुढे काय झाले याची उत्सुकता असताना थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाचनाची आठवण तेच करून देतात. नावे फार असतील तर सुरुवातीला कोण कोणाचे हे दोन वाक्यांत सांगावे. आणि दर दहा मिनिटांनी पाण्याचा घोट घ्यावा, नाहीतर आवाज बसतो.

आमच्याकडे सर्वांत जास्त रमलेले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक, घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतात आणि १८५७ च्या वणव्यात सापडतात. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते; कत्तल, लूट आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांनी पाहिला. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना धुळीने माखलेल्या राणी लक्ष्मीबाई भेटतात. तहान लागलेली असते. गोडसे पाणी काढायला पुढे होतात, तेव्हा आपण विद्वान ब्राह्मण आहात, मजसाठी पाणी काढू नका, असे म्हणून त्या स्वतःच मडके विहिरीत सोडतात आणि ओंजळीने पाणी पितात. हे वाचताना मी दोनदा थांबले होते. शेवटी सगळे लुटले गेलेले गोडसे गंगेची कावड घेऊन घरी येतात.

आवृत्तीची काळजी येथेही घ्यावी लागते. चिं. वि. वैद्य यांनी हे पुस्तक लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा मजकुरात फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ मध्ये शुद्ध पाठ प्रसिद्ध केला. तोच पाठ असलेली प्रत घ्यावी.

आणखी एक गोष्ट मनापासून सुचवते. 'बलुतं', 'उपरा', 'जिणं आमुचं' ही आत्मकथने वयस्कर माणसांना दुःख होईल म्हणून टाळली जातात. तसे करू नये. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये बिऱ्हाड गाढवावर लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेत कसा टिकतो, याची हकिकत आहे. आण्णा शिक्षक होते. हंगामापुरती वर्गात येऊन नाहीशी होणारी मुले त्यांनी पाहिली असतील. फक्त ही पुस्तके रोज तासभर वाचू नयेत. वीस मिनिटे पुरतात, पुढची चाळीस मिनिटे माणसाला बोलायची असतात.

दिवेलागण

सर्वांचे मनापासून आभार. सर्व उत्तरे मी आण्णांना वाचून दाखवली. फळा-खडू सरांचा नमस्कार ऐकून त्यांनी हात जोडले, आणि एक रुपया दंडाच्या गोष्टीवर त्या दिवशी खरोखरच वाचन झाले नाही. ऊसतोडीच्या दिवसांत रिकाम्या होणाऱ्या वर्गांविषयी ते रात्री साडेनऊपर्यंत बोलत होते. मुलांची नावे त्यांना अजून आडनावांसकट आठवतात.

'श्रीमान योगी'ची प्रस्तावना आम्ही ओलांडलीच होती. ती आता वाचून झाली. सोपी नाही, काही परिच्छेद तीनदा वाचावे लागले, पण आण्णांनी एकदाही कंटाळा दाखवला नाही.

पोतदारांचा पाठ असलेले 'माझा प्रवास' वाचनालयातून मिळाले आणि काल आम्ही विहिरीच्या प्रसंगापर्यंत आलो. त्या ओळी वाचून मी थांबले. मला वाटले आण्णा नेहमीचा प्रश्न विचारतील, म्हणून मीच आधी सांगितले की हे लेखकाने स्वतः पाहिलेले आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पाहिलं तवा की. पण लिहिलं कधी?" प्रस्तावना उलगडून मी सांगितले की प्रवासानंतर वीसहून अधिक वर्षांनी लिहिले. "मग एवढं बोलणं शब्दाला शब्द ध्यानात ऱ्हाईल?" असे त्यांनी विचारले, आणि मग स्वतःच म्हणाले, "पाण्याचं ऱ्हाईल. राणीनं हातानं पाणी काढलेलं कोण इसरंल?" तो परिच्छेद मी त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा वाचला.

यानंतर 'आज्ञापत्र' आणि मग 'झोंबी' असा क्रम ठरला आहे. जुना ग्रंथपाल सरांना एक विचारायचे राहिले: 'आज्ञापत्रा'ची शब्दार्थ आणि टिपा शेवटी एकत्र दिलेली आवृत्ती आहे का? टिपा पानाच्या तळाशी नसतील तर मोठ्याने वाचताना मला फार सोयीचे होईल. फणसाच्या झाडाचा भाग कोणत्या पानावर आहे, हे आण्णा दोनदा विचारून गेले आहेत.